बिल्ला घासू नका

वडिलांच्या ट्रंकेत 786 नंबरचा पितळी बिल्ला सापडला, तो 'दीवार'मधला असेल का आणि काळा पडलाय तर पॉलिश करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. कृपा करून तो घासू नका.

माझे वडीलही प्रॉपर्टीत, म्हणजे शूटिंगला लागणाऱ्या वस्तूंच्या खात्यात होते, गोरेगावला. एका मालिकेतल्या सावकाराचा पितळी पानडबा आमच्या घरी होता. झाकणाच्या कोपऱ्यावर काळा डाग. लाइटखाली पितळ फार चमकतं, म्हणून वडिलांनीच तिथे रंग मारला होता. बुडाला कागदाची पट्टी, तिच्यावर त्यांच्या अक्षरात सीन नंबर. ते गेल्यावर पहिल्याच खंडेनवमीला मी तो डबा चिंच-मीठ लावून लख्ख घासला. डाग गेला, पट्टी मोरीतून वाहून गेली. पुढे त्यांच्या डायरीत कंटिन्युइटीचा फोटो, म्हणजे पुढच्या शॉटला सगळं तसंच दिसावं म्हणून काढतात तो, मिळाला, त्यात तो डाग स्पष्ट दिसतो. एका संग्रहालयाच्या कार्यालयात चार खेपा घातल्या. दरवेळी टेबलावर नवा माणूस आणि तोच प्रश्न: हा तोच डबा कशावरून? अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. राग येतो अजून, पण पुरावा मीच धुऊन टाकला होता.

'द विझर्ड ऑफ ऑझ' या हॉलिवूडच्या सिनेमातले लाल टिकल्यांचे बूट 2005 मध्ये चोरीला गेले, 2018 मध्ये सापडले. ओळख पटवताना उपयोगी पडला तो दुरुस्तीत लावलेला, वरून लाल रंगवलेला काचेचा मणी. 2024 च्या लिलावात त्यांची बोली 2 कोटी 80 लाख डॉलरपर्यंत गेली.

तुमचा बिल्ला खराच आहे, असं मी म्हणणार नाही. 786 कोरून कोणीही घेऊ शकतं, शिवाय शूटिंगसाठी एका वस्तूचे दोन-तीन नगही करतात. आधी सिनेमातला क्लोजअप थांबवून आकड्यांची ठेवण, भोकं, ओरखडे ताडून बघा. तिरप्या उन्हात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आईंना काय आठवतं ते आजच फोनवर रेकॉर्ड करा. माझी आई आता नाही. चोरबाजारात भाव विचारायला एवढ्यात जाऊ नका, हे माझं वैयक्तिक मत. मी काही तज्ज्ञ नाही.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट होतं. जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि त्याला काळा दोरा आहे म्हणालात, त्याची गाठ सोडू नका.