हसतील ना लोक त्याला?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाट्यशिबिरं सुरू झाली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलतात. मार्क आणि मोबाइल जरा मागे पडतात आणि ‘भूमिका अगदीच छोटी मिळाली हो’, ‘ऐनवेळी विसरली तर?’ असं सुरू होतं. एक प्रश्न मात्र आवाज खाली आणून विचारला जातो. मुलाला विनोदी भूमिका दिली आहे, लोक त्याला हसतील, त्याच्या मनावर परिणाम तर नाही ना होणार? अंगानं जाड आहे, बोलताना अडखळतो, उंची कमी आहे, अशा कशावरून तरी ज्या मुलाला आधीच चिडवलं जातं, त्याच्या घरात या प्रश्नानं झोप उडालेली असते. असंच एक कुटुंब सांगलीत माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत जाणारा. लहानपणापासून गाणं शिकणारा, गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात हमखास गाणारा. शिबिरात शाळकरी आणि कॉलेजातली मुलं मिळून ‘संगीत संशयकल्लोळ’ची दीड तासाची आवृत्ती बसवत होती. सांगलीत या नाटकाचं वेगळं कारण द्यावं लागत नाही, गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या कथानकावरून त्यांनी आधी गद्य नाटक लिहिलं आणि १९१६ साली ते पदांसह रंगभूमीवर आलं. गोष्ट सगळी गैरसमजाची. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, बायकोला त्याचा संशय, आणि मध्ये अश्विनशेठ या तरुणाची हरवलेली तसबीर.

आमच्या या मुलाला अश्विनशेठ हवा होता, कारण त्याला पदं आहेत. मिळाला फाल्गुनराव, कारण आवाज फुटायला लागला होता.

आई म्हणाली, “मॅडम, शाळेत हा उत्तर द्यायला उभा राहिला की आवाज चिरकतो आणि पोरं खिदळतात. हात वर करणंच सोडलंय त्यानं. आणि आता भर थिएटरात तेच? काढून घेऊ का शिबिरातून?” वडिलांचं मत झालेलंच होतं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

मुलगा खाली बघत बसला होता. आईवडिलांना बाहेर बसवल्यावरही तो बराच वेळ फाल्गुनरावाबद्दल काही बोलेना. मग निघालं ते असं. पहिल्या वाचनाला ‘तसबीर’ म्हणताना त्याचा आवाज मध्येच वर गेला. सगळे हसले. दिग्दर्शकही हसले आणि म्हणाले, “वा! हे असंच ठेवू.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण त्या दिवसापासून त्याला तालमीला जाताना पोटात कळ यायची.

मी विचारलं, “नाटक सोडायचंय का तुला?”

“नाही.” उत्तर लगेच आलं. “फक्त ते ठेवायचं नाहीये.”

माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. विनोदी भूमिका मुलाला दुखावत नाही. हसू कशावर उभं केलं आहे, त्यावर ते ठरतं. पात्र मूर्खासारखं वागतं, संशयानं आंधळं होतं, स्वतःच्याच जाळ्यात अडकतं, यावर प्रेक्षक हसले तर ते हसू नटानं कमावलेलं असतं. जाड मुलाला लाडू खायला लावून, काळ्या मुलीला ‘दिवा लावा’ म्हणायला लावून, फुटणाऱ्या आवाजाची नक्कल करून आणलेलं हसू मुलाच्या शरीरातून उचललेलं असतं. ते घरी त्याच्यासोबत येतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेतही जातं. शाळांच्या स्नेहसंमेलनांत हा दुसरा प्रकार आपण फार सहज खपवून घेतो. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

म्हणून आईवडिलांना मी सांगितलं की मुलाला काढू नका. भीती वाटली की बाजूला व्हायचं, याची सुटका त्या क्षणी मोठी असते, पण पुढच्या वेळी तीच भीती जास्त जागा मागते. आणि त्याला ढकलूही नका. तो स्वतःच दिग्दर्शकांशी बोलणार होता. काय बोलायचं ते आम्ही दोघांनी बसून ठरवलं. तक्रार नाही, रडगाणं नाही: “सर, आवाज फाटतो त्यावर हशा नको. दुसरीकडे घ्यायला मला जागा द्या.” चार वेळा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा आवाज फाटला आणि तो तसाच पुढे बोलत राहिला.

दिग्दर्शकांनी ऐकलं. सगळेच असे ऐकतात असं नाही. ऐकलं नसतं, तर ‘आता काढून घ्या’ म्हणायला मी कचरले नसते.

पुढच्या भेटीत त्यानं मला बायकोच्या हातातली तसबीर हिसकावून घेण्याचा प्रसंग करून दाखवला. माझ्या टेबलावरचं कॅलेंडर ही तसबीर. तो ते हातात घेतो, बघतो, चेहरा कोरा. मग थांबतो. काहीच करत नाही. मग मान किंचित वाकडी करून पुन्हा बघतो आणि त्यानंतर वाक्य. मी एकटीच प्रेक्षक होते आणि मोठ्यानं हसले. “मनात एक-दोन म्हणतो,” तो म्हणाला. “तीन म्हटलं तर उशीर होतो. एकावरच बोललो तर कोण हसत नाही.” वर्गातलं हसू कधी येईल याची त्याला धास्ती असायची, इथे कधी आणायचं हे तो ठरवत होता.

आणखी एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. गंधर्व नाटक मंडळीत गणपतराव बोडस होते. गाणाऱ्यांच्या त्या कंपनीत त्यांचं नाव झालं ते गद्य भूमिकांनी, आणि त्यांचा फाल्गुनराव त्यातला गाजलेला. पदं नाहीत म्हणजे उरलेली भूमिका मिळाली, हे त्याच्या डोक्यातून जायला हवं होतं.

गाण्याबद्दल आईची काळजी वेगळी होती, तीही रास्त. मुलग्यांमध्ये साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. नवीन आवाजावर ताबा येईपर्यंत काही महिने, कधी वर्षभरही, तो दगा देतो. गाणं बंद करायची गरज नसते. पट्टी खाली आणायची, ताणून वरचे स्वर लावायचे नाहीत, ओरडायचं नाही, आणि गुरूंना स्पष्ट कल्पना द्यायची. घोगरेपणा दोन-तीन आठवडे सलग राहिला तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. वय पुढे गेलं तरी आवाज उतरलाच नाही, तर वाचा-उपचारांनी त्यावर चांगला फरक पडतो.

प्रयोगात त्याचा आवाज फाटला. आईनं तिसऱ्या रांगेत बसून एकूण एक वेळ टिपली होती. शेजारी बसलेल्या मावशीच्या एकही लक्षात आली नव्हती. किशोरवयात मुलांना सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं होतं. ते प्रेक्षक आईबापांच्याही डोक्यात बसतात, हे मी नेहमी बघते.

एका लक्षणाकडे मात्र पालकांनी लक्ष ठेवावं. नाटक संपल्यावरही मूल सगळ्यांना हसवण्यासाठी स्वतःलाच टोमणे मारू लागलं, स्वतःच्या आवाजाची, अंगाची टिंगल आपणहून करू लागलं, तर ‘किती खेळकर झालाय’ म्हणून खूश होऊ नका. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. त्यातली ही स्वतःला खाली पाडणारी तऱ्हा कमी आत्मसन्मान आणि नैराश्याशी जोडलेली आढळली आहे. या मुलात ती आली नाही. आली असती तर आमच्या भेटी वाढल्या असत्या.

शाळेतलं चिडवणं नाटकामुळे थांबलेलं नाही. जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि तीच पोरं पुन्हा हसली. त्यासाठी आईवडील वर्गशिक्षिकांना भेटले आणि त्यांनी दोन मुलांच्या घरी निरोप दिला. इतिहासाच्या तासाला तो आता हात वर करतो, गणिताच्या तासाला अजून नाही. त्यावर आमचं काम चालू आहे.