तारीख बंद पाकिटाची असते

तुम्ही विचारलंय की पाकिटावरची तारीख उलटली म्हणजे पदार्थ टाकूनच द्यायचा का, 'बेस्ट बिफोर' आणि 'एक्स्पायरी' यांत फरक काय, आणि दर महिन्याला डबे आवरताना एवढं फेकावं लागतं ते कमी कसं करायचं. सासूबाई वास घेऊन ठरवतात, तुम्ही तारीख बघून, आणि त्यावरून घरात रोज कुरबुर होते असंही लिहिलंय. सध्याचा वाद रव्याच्या पाकिटाचा आहे, तारीख जाऊन तीन आठवडे झालेत.

आमचं कराडला किराणा दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 26 वर्षं, मी गल्ल्यावर बसते आणि रोज शेकडो तारखा डोळ्यांखालून जातात. माझ्या मते तुम्ही दोघीही बरोबर आहात. पदार्थ कुठला, एवढाच प्रश्न आहे.

आधी शब्दांचं बघू. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थाची चव, खुसखुशीतपणा, वास उत्तम राहील. नंतर थोडा उतरेल, पण खाण्याजोगा असू शकतो. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्या तारखेनंतर विकायचाही नाही आणि खायचाही नाही. इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ झाला तो पुढे. एफएसएसएआय म्हणजे देशातली अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था. तिच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनी पाकिटावर एक्स्पायरी छापणं सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' कंपनीच्या मर्जीवर सोडलं. त्यामुळे पूर्वी ज्या बिस्किटांवर 'बनवल्यापासून 6 महिन्यांपर्यंत उत्तम' असं असायचं, त्यांच्यावर आता पनीरवर असतो तोच शब्द दिसतो. गिऱ्हाईक दोन्ही वस्तूंना सारखंच घाबरतं. पनीरच्या बाबतीत ही भीती अगदी रास्त आहे. बिस्किटाचं मात्र कालची तारीख गेली म्हणून आज विष होत नाही. मुलाने चुकून एखादं खाल्लं तर डॉक्टरकडे धावू नका. तरीही 'एक्स्पायरी' लिहिलेलं तारखेनंतर मी स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला तर मुळीच देत नाही, कामवाल्या ताईंनाही नाही. जे आपल्या मुलाला द्यायचं नाही ते त्यांच्या मुलाला का द्यायचं?

बारीक अक्षरं वाचायची एक-दोन गुपितं सांगते. फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. 'एमएफजी' म्हणजे बनवल्याची तारीख आणि 'पीकेडी' म्हणजे पॅक केल्याची. डाळीच्या पुड्यावर गेल्या आठवड्याची पीकेडी दिसली तरी आतली तूर गेल्या वर्षीची असू शकते. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'बेस्ट बिफोर' लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे, तेव्हा दिवाळीत पेढे घेताना ती पाटी मागून बघा. घरपोच माल मागवत असाल तर पोचल्या पोचल्या तारीख बघा. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की माल हातात पडेल तेव्हा त्याचं निदान 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस शिल्लक असायला हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाकिटावरची तारीख बंद पाकिटाची असते, आणि तीही लिहिलंय तसं ठेवलं तरच. हे मी स्वतः चुकून शिकले. नारळाच्या दुधाचा टेट्रा पॅक सोलकढीसाठी फोडला, उरलेला तसाच चिमटा लावून फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात ठेवला. सहाव्या दिवशी आमटीत घालायला काढला. तारखेला अजून आठ महिने होते, म्हणून बघितलंच नाही, थेट ओतला. आमटीवर गुलाबीसर गाठी तरंगल्या. कात्रीने पाकीट उभं कापलं तर आतल्या चांदीसारख्या कागदावर गुलाबी डागांची रांग. पाच माणसांची आमटी ओतून दिली. नंतर पाकिटाची मागची बाजू वाचली, तिथे फोडल्यावर किती दिवसांत संपवायचं ते स्वच्छ लिहिलेलं होतं. टेट्रा पॅकमधलं दूध, फळांचा रस, मेयॉनीज, चीज स्प्रेड, सगळ्यांना हे लागू आहे. फोडलं की नवा हिशोब सुरू. आणि दाराचा कप्पा फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा असते. तिथे सॉस, लोणचं ठेवा, दूध नको.

सासूबाईंच्या नाकाबद्दल. रवा, पोहे, बेसन, तेल, शेंगदाणे, मसाले इथे नाक खरंच उपयोगी पडतं. तेल खवट झालं, बेसनाला उबट वास आला, तर तो तारखेआधीही कळतो. जुना गोडा मसाला बहुतेक वेळा फक्त फिका पडलेला असतो. तो चमचाभर जास्त घाला, टाकू नका. पण दूध, पनीर, चिकन, मासे यांच्यात माणसाला आजारी पाडणारे जिवाणू वास न येताही असतात. तिथे नाकावर भरवसा नाही, तारीख पाळायची. पावावर एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर कोपरा कापून बाकीचा खाऊ नका, तिचे धागे आतपर्यंत गेलेले असतात. शेंगदाण्यावर बुरशी असेल तर अजिबात दया दाखवू नका. त्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून जात नाही.

आणि भात! त्याच्यावर कुठलीच तारीख नसते, पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पसरून गार करायचा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. फोडणीचा भात आमच्याकडेही आवडीने खातात, पण भात फ्रिजमधलाच हवा.

वाया जाण्याचं म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो आहे, साली-देठं धरून. चौघांच्या घराचे 220 किलो झाले. पन्नास किलोची चार पोती आणि वर वीस किलो. पोतं उचललेल्या माणसाला हा आकडा फार लागतो.

माझं निरीक्षण असं की यातलं बरंचसं तारखेमुळे जात नाही, आपण डबा कसा भरतो त्यामुळे जातं. दुकानात नवा माल आला की तो मागे लावायचा आणि जुना पुढे ओढायचा, हा पहिला धडा असतो. घरी बरोबर उलटं होतं. डब्यात तळाशी दोन वाट्या जुनं पीठ असतं, त्यावर आपण नवं पाकीट रिकामं करतो. तळाचं पीठ वर्षभर तळालाच राहतं, त्याला पोरकिडे लागतात आणि ते नव्या पिठात चढतात. वर तारीख छापलेलं पाकीट आपण कचऱ्यात टाकलेलं असतं. एवढंच करा: डबा पूर्ण रिकामा करून, पुसून, वाळवून मग भरा, आणि पाकिटाचा तारखेचा तुकडा कापून चिकटपट्टीने झाकणावर लावा. फ्रिजमधल्या बाटल्यांवर मार्करने फोडल्याची तारीख लिहा. फ्रिजचा एक कप्पा 'आधी हे संपवा' असा ठेवा. आमच्याकडे तो मधला आहे, आणि स्वयंपाकाला लागण्याआधी मुलंसुद्धा त्यात डोकावतात.

आणि दुकानदार असून सांगते, पाच किलो स्वस्त पडतं म्हणून पाच किलो घेऊ नका. दोघातिघांच्या घरात बेसन अर्धा किलोच घ्यावं, पावसाळ्यात तर नक्कीच. 'एकावर एक फ्री' दिसलं की आधी तारीख बघा. बऱ्याचदा ती जवळ आलेली असते. आठवडाभरात संपणार असेल तर खुशाल घ्या.

आता तुमचा रवा. पाकिटावर 'एक्स्पायरी' असेल तर मी वर म्हटलं तसं, खाऊ नका. 'बेस्ट बिफोर' असेल तर परातीत पसरून उजेडात बघा. दाणे एकमेकांना चिकटून जाळी झाली असेल किंवा वास कुबट असेल तर टाका. एखाददुसरा सोंडा असेल तर चाळून घ्या. स्वच्छ, मोकळा आणि बिनवासाचा असेल तर आजच सगळा मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पंधरा दिवसांत उपमा-शिऱ्यात संपेल. पुढचं पाकीट आणलं की चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा, अंडी असली तर मरतात. बाहेर काढल्यावर पाकिटावरचा ओलावा सुकेपर्यंत मात्र ते फोडू नका, नाहीतर रव्याच्या गुठळ्या होतात.