गुरुजींची न वाचलेली ९०० पुस्तकं

‘घरात न वाचलेली पुस्तकं साचत चाललीत, तरी नवं पुस्तक दिसलं की घेतल्याशिवाय राहवत नाही. हे व्यसन म्हणायचं का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वरचेवर ऐकायला मिळतो. कधी पुस्तकं घेणारा माणूस विचारतो, बहुतेक वेळा त्याच्या घरचे. बहुतेकांना माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं, पण ते मी पहिल्या भेटीत देत नाही. पुस्तकांच्या तक्रारीखाली घरातलं दुसरंच काहीतरी दबलेलं असतं. परभणीकडच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहायला दोघांची संमती घेतली आहे.

बोलायला सुरुवात बाईंनीच केली. “मॅडम, हे दर आठवड्याला नवं पुडकं आणायलेत. वाचायलेत म्हणावं, तर तेबी नाही. दिवाणात रजया ठेवायची जागा गेली. परवा नणंद मुक्कामाला आली, तर तिच्यासाठी गादी काढायच्या आधी मला कादंबऱ्या उपसाव्या लागल्या.” गुरुजी शेजारी गप्प बसून होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय ५३, निवृत्ती पाच वर्षांवर. वर्गात यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असणार, पण माझ्यासमोर त्यांची उत्तरं एका शब्दाच्या पुढं जाईनात.

अशा वेळी मी आधी आजार आहे का ते तपासते. वस्तू साठवत राहण्याच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ साली स्वतंत्र जागा मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. पण ढीग किती मोठा, यावर तो ठरत नाही. एखादी वस्तू काढून टाकायची वेळ आली की जीव कासावीस होतो का? स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येतो का, पलंगावर झोपता येतं का? रोजचं जगणं अडलंय का? गुरुजींना प्रत्येक पुस्तक कुठून आणि का घेतलं हे तोंडपाठ होतं. काही समुपदेशक यालाच प्रकृती ठीक असल्याचा पुरावा मानतात. मी मानत नाही, कारण साठवणुकीचा विकार असलेल्या माणसालाही जुन्या पिशवीची हकीकत आठवते. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. गुरुजींची पुस्तकं विषयवार लावलेली होती, मागितलेलं पुस्तक दोन मिनिटांत सापडायचं, आणि दिवाण सोडला तर घरात कुठंच अडचण नव्हती. अचानक खरेदी वाढणं, दोन-तीन तासांच्या झोपेवर भागणं, डोक्यात विचारांची नुसती धावपळ, असंही काही नव्हतं. तसं असतं तर मी त्यांना त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण तिथं पुस्तकं हा फक्त वरवर दिसणारा भाग असतो.

दुसऱ्या भेटीला गुरुजी एकटे आले आणि एक वही घेऊन आले. वाचायच्या पुस्तकांची यादी. त्यातलं एक पान दाखवून म्हणाले, “इथून सगळं बिघडलं.” त्या पानावर हिशोब होता. घरात न वाचलेली पुस्तकं सुमारे ९००. महिन्याला दोन वाचून होतात, म्हणजे वर्षाला २४. सगळी संपायला साडेसदतीस वर्षं. तेव्हा वय नव्वदीच्या पुढं, तेही नवं एकही घेतलं नाही तर. एका रात्री दोन वाजता हे गणित मांडलं, आणि त्यानंतर कुठलंही पुस्तक उघडलं की मनात येऊ लागलं, हे वाचतोय तेवढ्या वेळात दुसरं राहिलं. वाचन जवळजवळ थांबलं. खरेदी मात्र थांबली नाही, कारण नवं पुस्तक हातात घेतलं की ते गणित घटकाभर विसरायला व्हायचं.

बाईंना ‘वाचत नाहीत’ एवढंच दिसत होतं. का वाचत नाहीत, हे गुरुजींनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. उरलेलं आयुष्य मोजायला बसलेल्या माणसाशी पुस्तकांवर बोलून काय उपयोग? पुढच्या दोन भेटी आम्ही निवृत्तीवर बोललो, त्यांचे वडील कसे गेले त्यावर बोललो. ते सगळं इथं लिहीत नाही.

पुस्तक हातून का सुटत नाही, याचं उत्तर मात्र लिहायला हवं, कारण मराठवाड्यातल्या त्या पिढीतल्या पुष्कळांना ते आपलंच वाटेल. गुरुजींचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. वडिलांची पहिली शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतून. घरात पोथी सोडली तर मराठी पुस्तक नाही. शाळेची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घ्यायची, वर्षभर जपायची, आणि परीक्षा संपली की खालच्या वर्गातल्या मुलाला विकून त्या पैशांत पुढच्या वर्षाची घ्यायची. “मॅडम, पुस्तक आवडायला लागलं की ते विकायची वेळ यायची,” ते म्हणाले. मराठीच्या पुस्तकातल्या कविता ते विकण्याआधी वहीत उतरवून ठेवायचे. पहिला पगार झाल्यावर या माणसानं आधी काय घेतलं असेल, ते सांगायला नको.

यादी मात्र त्यांचा आनंद होता, आणि तो मला जपायचा होता. ती कशी वाढते, असं विचारल्यावर गुरुजी पहिल्यांदा मोकळे बोलले. एकनाथांनी पैठणला १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, यावर काहीतरी वाचत होते. तेवढ्यात मनात आलं, त्या प्रती कशावर लिहिल्या असतील? मग हातकागदाविषयीचं पुस्तक यादीत. त्यातून दौलताबादजवळचं कागजीपुरा. तिथले कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा आले, असं सांगतात, म्हणून तुघलकावरचं पुस्तक यादीत. त्याच्या संदर्भसूचीतून आणखी चार. शिवाय दर दिवाळीला अंकांचा गठ्ठा. मराठीत हा रिवाज १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलाय, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत आधीचा गठ्ठा संपवणारा वाचक मी तरी अजून पाहिलेला नाही. २०२२ च्या उदगीरच्या साहित्य संमेलनातून गुरुजी दोन पिशव्या भरून घेऊन आले होते. ग्रंथप्रदर्शनातल्या त्या गर्दीचं वर्णन करताना त्यांचा तो वर्गातला आवाज मी ऐकला. हे सुख खोटं नाही. नवं पुस्तक चाळणं, मलपृष्ठ वाचणं, त्याला कपाटात शेजारी निवडणं, हेही पुस्तकांबरोबर राहणंच आहे.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. पाचवा नियम सांगतो की ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. तो सांगितल्यावर गुरुजी हसले आणि म्हणाले, “हे आमच्या घरी येऊन सांगा.” मी त्यांना तिसरा नियमही सांगितला, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तो वाचक आपणच असला पाहिजे, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

एक नवं घेतलं की एक जुनं काढायचं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ज्याची पुस्तकं लहानपणी दरवर्षी विकली गेली, त्याला तो मी देणार नव्हते. गुरुजींनी स्वतःच वेगळी वाट काढली. एक नोंदवही केली आणि पुस्तकं उसनी द्यायला सुरुवात केली. आधी शाळेतल्या शिक्षकांना, मग जुन्या विद्यार्थ्यांना, मग जवळच्या गावातल्या छोट्या वाचनालयाला पेटीभर, सहा महिन्यांच्या बोलीनं. नाव लिहून दिलेलं पुस्तक गेल्यासारखं वाटत नाही. काही पेट्या त्यांनी परत मागितल्याच नाहीत.

यादीचेही आम्ही दोन भाग केले. अर्धवट कामं मनातून जात नाहीत, पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांना १९२७ मध्ये दिसलं होतं. अशा कामाचा नेमका बेत ठरवला की त्याची टोचणी कमी होते, असं २०११ च्या प्रयोगांत दिसलं. म्हणून उशाशी तीनच पुस्तकं, रात्री जेवणानंतर पाऊण तास, आणि आवडलं नाही तर पन्नास पानांवर सोडून द्यायची मुभा. बाकीची यादी हवी तेवढी वाढू दे, फक्त तिच्यापुढं वर्षं मांडायची नाहीत.

राहिला बाईंचा प्रश्न. जागेपेक्षा त्यांना लागलं होतं ते लपवणं. पुस्तकांची पार्सलं शाळेच्या पत्त्यावर यायची आणि गुरुजी ती अंधार पडल्यावर घरी आणायचे. “महिन्याच्या तीन हजारांचं मला काही नाही,” त्या एकत्र भेटीत म्हणाल्या, “पण चोरून कशाला? मी काय परकी हाव?” गुरुजींपाशी उत्तर नव्हतं. महिन्याची रक्कम दोघांनी मिळून ठरवली, तीन हजारांऐवजी दीड. पार्सल घरच्या पत्त्यावर येतं आणि बहुतेक वेळा बाईच फोडतात. त्यांनाही दिवाळी अंक आवडतात, हे तीस वर्षांच्या संसारात गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं.

दिवाण रिकामा झाला, रजया जागेवर गेल्या. माळ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तिथल्या पुस्तकांच्या खोक्यांना वाळवी लागेल म्हणून बाईंना ती खाली हवीत, आणि गुरुजी दर पावसाळ्यात कडुलिंबाचा पाला बदलून म्हणतात, अजून एक वर्ष जाऊ द्या. त्या वादात मी पडत नाही.