प्रश्न वाचकांचा: चीनमधले वसतिगृह की अमेरिकेतले कॅम्पस?

प्रश्न: पदव्युत्तर शिक्षणासाठी मला चीनमधील एका विद्यापीठात तेथील सरकारच्या शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला आहे आणि अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठातही मिळाला आहे. अभ्यासक्रमांची आणि मानांकनांची माहिती भरपूर मिळते. पण तिथला रोजचा दिवस कसा जातो आणि परदेशी विद्यार्थ्याला कुठे अधिक एकटे वाटते, हे कोणी सांगत नाही. आपण दोन्हीकडे शिकलात, म्हणून विचारते आहे. (एक विद्यार्थिनी)

उत्तर: तुमच्या प्रश्नातला एकटेपणाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मी दोन्ही देशांत एकटेपणा अनुभवला आहे आणि त्याची कारणे दोन्हीकडे अगदी वेगळी होती.

नुसत्या इमारती पाहिल्या तर दोन्हीकडचे कॅम्पस एकाच घराण्यातले वाटतील. बीजिंगमधील छिंगह्वा विद्यापीठाची सुरुवात 1911 साली, चीनकडून घेतलेल्या नुकसानभरपाईपैकी अमेरिकेने परत केलेल्या पैशांतून, अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी करून घेणारी शाळा म्हणून झाली आणि तिथले घुमटाकार सभागृह आजही अमेरिकी वळणाचे दिसते. मात्र चिनी विद्यापीठाला बहुधा भिंत असते, दरवाजे असतात आणि दरवाजावर ओळख पटवावी लागते. अमेरिकी राज्य विद्यापीठांतून अनेकदा शहराचा रस्ताच सरळ जातो आणि विद्यापीठ कुठे संपले, गाव कुठे सुरू झाले, हे कळतही नाही.

चीनमध्ये त्या भिंतीच्या आत तुमचे सगळे आयुष्य सामावते. वसतिगृह, खाणावळी, दवाखाना, धावपट्टी, केशकर्तनालय, पार्सल घेण्याची जागा हे सर्व चालत किंवा सायकलने गाठता येते. जेवणाच्या वेळा मात्र कडक असतात. संध्याकाळी सातनंतर गेलेल्याला खाणावळीत बऱ्याचदा रिकामी भांडी पाहूनच परतावे लागते. माझे चिनी वर्गमित्र चौघे एका खोलीत राहत, वर पलंग आणि खाली मेज. रात्री अकराला त्यांच्या इमारतीतले दिवे बंद होत आणि मग प्रत्येक पलंगाच्या पडद्याआड बॅटरीवरचा एकेक छोटा दिवा लागे. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांची इमारत वेगळी होती, खोलीत दोघेच आणि दिवे रात्रभर. सोय उत्तम होती, पण तीच आम्हाला बाजूला ठेवत होती. ज्या गप्पांतून मैत्री होते, त्या रात्री अकरानंतर त्या पडद्यांआड चालत आणि आम्ही तिथे नसायचो.

ही भिंत ओलांडायला मला एका नात्याने मदत केली. चिनी विद्यार्थी आपल्याच मार्गदर्शकाकडे आधीपासून शिकणाऱ्याला ‘शिश्युंग’ आणि आधीपासून शिकणारीला ‘शिज्ये’ म्हणतात, म्हणजे विद्येच्या नात्याने दादा आणि ताई. हे नुसते संबोधन नसते, त्यात जबाबदारी असते. माझ्या प्रयोगशाळेतल्या ताईने पहिल्याच आठवड्यात मला गरम पाण्याचा थर्मास घेऊन दिला, बँकेत माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली आणि माझे मोडके चिनी न हसता दुरुस्त केले. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीत कॅम्पस ओस पडतो, तेव्हा तिने मला आपल्या घरी नेले. तिच्या आईबरोबर बसून मोमोसारखे चिआओझ वळताना आमच्यात जेमतेम चाळीस शब्द समाईक होते आणि तेवढे पुरले.

अमेरिकेत मला कोणी वेगळ्या इमारतीत ठेवले नाही, पण कोणी हाताला धरून नेलेही नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी घर स्वतःच शोधावे लागते, बहुधा वर्षभराचा करार करून, आणि लहान गावात मोटार नसेल तर किराणा आणणे हा आठवड्यातला एक कार्यक्रमच होऊन बसतो. ओळखीचे लोक रस्त्यात हसून विचारपूस करतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. सुरुवातीला मला हे फार लागले. त्यात दुष्टपणा मुळीच नसतो, तिथे मदत मागावी लागते, एवढेच. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात. अभ्यास न जमणाऱ्यांनीच तिथे जायचे असते, अशा समजुतीने मी पहिले दोन महिने फिरकलो नाही. शेवटी धीर करून दार ठोठावले, तेव्हा प्राध्यापकांनी खुर्ची पुढे सरकवली आणि अर्धा तास माझ्या एका आकृतीवर माझ्याशी वाद घातला. चीनमध्ये माझ्या मार्गदर्शकांशी तसा वाद घालण्याचे मला कधी सुचलेही नसते. वर्गात बोलण्यालाही अमेरिकेत अनेकदा गुण असतात, त्यामुळे गप्प बसणे महाग पडते.

पैशांचे थोडक्यात सांगतो. चिनी सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा 3,000 युआन मिळतात, शुल्क माफ असते आणि राहण्याची सोय होते. विद्यापीठाच्या परवानगीशिवाय तिथे बाहेर काम करता येत नाही. अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते. मी ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम केले आणि माझ्या बहुतेक ओळखी वर्गापेक्षा त्या कपाटांमध्ये झाल्या.

माझे मत विचाराल, तर स्पष्ट सांगतो. जाण्याआधी आणि गेल्यावर पहिले वर्षभर चिनी भाषेला रोज दोन तास देण्याची तयारी असेल, तर चीनला जा. तुमचा अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरीही. भाषेविना गेलात तर परदेशी विद्यार्थ्यांच्या इमारतीतच तुमची दोन वर्षे संपतील. तेवढा वेळ देता येणार नसेल आणि अनोळखी माणसाचे दार ठोठावण्याचा संकोच मोडता येणार असेल, तर अमेरिका निवडा.

निर्णयाआधी दोन्ही विद्यापीठांना ईमेलने दोन गोष्टी विचारा: परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर एका इमारतीत राहता येते का, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह व खाणावळ उघडी असते का. अमेरिकेत डिसेंबरमध्ये काही वसतिगृहे बंद होतात आणि ऐन थंडीत दोन आठवड्यांसाठी जागा शोधत फिरण्याची वेळ माझ्या एका मैत्रिणीवर आली होती. उत्तरे आली की मला जरूर कळवा.