तळ्याकाठचे चित्रसंग्रहालय

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक जून महिन्यात फिनलंडला मुलाकडे टाम्पेरे शहरी जाणार आहोत. औंधचे संग्रहालय आम्ही अनेकदा पाहिले आहे. तिकडे खेड्याकडच्या भागात असे काही आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आहे, आणि तुम्हाला ते औंधची आठवण करून देईल. मॅन्ट्टा हे कागद गिरणीमुळे वाढलेले छोटे गाव आहे. तेथे १८६८ मध्ये गिरणी काढणाऱ्या सेरलाकिउस घराण्यातील योस्ता यांनी चित्रे जमवली, १९३३ मध्ये कलाप्रतिष्ठान स्थापले आणि तळ्याकाठी योएन्निएमी हा वाडा बांधला, जेथे आज त्या चित्रांचे संग्रहालय आहे. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये रयतेसाठी संग्रह खुला केला, तोही याच काळात.

गाल्लेन-काल्लेला आणि एडेलफेल्ट या फिन्निश चित्रकारांची चित्रे सावकाश पाहावीत. वाड्याला जोडून २०१४ मध्ये उघडलेले नवे दालन लाकडी आहे. त्याच्या उंच काचांतून तळे आणि झाडे दिसतात, तेव्हा भिंतीवरच्या निसर्गचित्रांकडे पाहावे की बाहेर, असा पेच पडतो. (माझे मत विचाराल तर आधी बाहेर.)

जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई वाटत नाही. मात्र बसच्या वेळा आधीच पाहून ठेवाव्यात. तळ्याकाठी डास फार, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.