डाव्या किडनीला दोन धमन्या

प्रश्न : माझं वय ४६. धाकट्या भावाला किडनी द्यायचं ठरलंय. सीटी अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये आलंय की माझ्या डाव्या किडनीला दोन धमन्या आहेत, त्यातली बारीक धमनी खालच्या टोकाला जाते. घरचे धास्तावलेत. माझी किडनी सदोष आहे का? भावाला चालेल का?

उत्तर : ताई, सदोष अजिबात नाही. २५ ते ३० टक्के माणसांना अशी जादा धमनी असते आणि बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही. तुमची सापडली, कारण तुम्ही दाता म्हणून तपासणीला गेलात. गर्भात किडनी ओटीपोटात तयार होते आणि सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर कमरेकडे सरकते. सरकताना वरच्या नव्या फांद्यांतून रक्त घेते, खालच्या जुन्या सोडते. एखादी सुटायची राहून जाते, एवढंच.

पण ही बारीक धमनी बिनकामाची समजू नका. किडनीचा जो भाग ती पोसते, त्याला दुसरीकडून रक्त मिळत नाही. बांधून टाकली तर तेवढा तुकडा मरतो. शिवाय खालच्या टोकाची धमनी बरेचदा मूत्रवाहिनीच्या वरच्या भागालाही रक्त पुरवते. ती गेली तर प्रत्यारोपणानंतर मूत्रवाहिनी सडून लघवी पोटात गळू शकते. म्हणून वरच्या टोकाची अगदी दोऱ्यासारखी बारीक धमनी आम्ही एखाद्या वेळी सोडून देतो, खालची मात्र सोडत नाही. काढलेली किडनी बर्फात असतानाच ही छोटी धमनी मोठीच्या कुशीत भिंगातून शिवतात, किंवा भावाच्या पोटातल्या एखाद्या धमनीला वेगळी जोडतात. वेळ जास्त लागतो, हात सरावाचा लागतो. पण हे रोजच्या कामातलंच आहे.

मग सरळ उजवी का घेऊ नये? उजवीची शीर, म्हणजे किडनीतून रक्त परत नेणारी वाहिनी, आखूड असते, जोडताना अडचण होते. डावीची लांब, म्हणून आमची पसंती सहसा डावीलाच. अर्थात दोन्हींच्या कामात फरक असेल, तर चांगली किडनी दात्याकडेच राहते. त्यात तडजोड नाही.

रिपोर्टमध्ये शिरेबद्दल काय लिहिलंय, ते तुम्ही कळवलं नाहीत. घरचे लोक धमनीला घाबरतात, मी आधी शीर बघते. शंभरात दोन-तीन जणांची डाव्या किडनीची शीर महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, पुढून न जाता मागून जाते. हे आधी ठाऊक नसेल, तर तिथे सोडवताना शीर फाटून मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर खालची धमनी मूत्रवाहिनीच्या तोंडावरून आडवी जाऊन ती दाबत असेल, तरच त्रास. तसं असतं तर किडनीला सूज दिसते. सूज नसेल, तर दान करा अगर न करा, या धमनीसाठी औषध नाही, पथ्य नाही. सर्जनच्या भेटीला जाताना कागदासोबत सीटीची सीडीही न्या.