रिमॅप थोडा थांबू दे

चि. मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बाबांची जुनी व्हीएक्सआय स्विफ्ट आता तुझी झाली, हाताशी दीड लाख साठलेत आणि यादीत रिमॅप (म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं), कोन फिल्टर (म्हणजे उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर), धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज, सतरा इंची अलॉय. वर प्रश्न, ‘काका, रिमॅपने किती पॉवर वाढेल?’ अरे, बाराशे सीसीचं टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन ते! इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो असता तर त्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवून बरंच काही काढता आलं असतं. इथे फरक पडलाच तर कानाला जाणवेल, घड्याळाला नाही. कोन फिल्टर तर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, त्यामुळे आवाज वाढतो आणि दम उलट कमी होतो.

पुण्यात सल्ला न मागताही मिळतो. तू तर मागितलास, तेव्हा आता पूर्ण ऐकून घे. दोन-तीन महिने गाडीला हात लावू नकोस. कार्टिंगला जा, म्हणजे ट्रॅकवर त्या बुटक्या, उघड्या कार्ट चालवायला.

हसू नकोस. भाड्याच्या कार्टला पाण्याच्या पंपाला किंवा जनरेटरला लावतात त्या जातीचं २०० ते २७० सीसीचं इंजिन असतं, फार तर नऊ हॉर्सपॉवरच्या आसपासचं. तिची खरी शाळा यातच आहे. वळणावर एकदा वेग घालवलास की तो परत मिळवायला ताकदच नसते, त्यामुळे केलेली चूक पुढची अख्खी सरळ पट्टी तुझ्या मानेवर बसते. मोठ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून ती झाकता येते आणि आपल्याला वाटतं, आपण भारी चालवतो.

कार्टला सस्पेन्शन नाही, वळताना आतल्या-बाहेरच्या चाकाला वेगवेगळा वेग देणारं डिफरेन्शियलही नाही. मागची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर, दोघांचा वेग सारखा. मग ती वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या कॅस्टरमुळे, म्हणजे ती ज्या अक्षावर वळतात त्याच्या तिरपेपणामुळे, आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. ते उचललं गेलं तरच कार्ट मोकळी फिरते. बाइकवाली मुलं पहिल्याच दिवशी वळणात आत झुकतात आणि उचलू पाहणाऱ्या त्याच चाकावर स्वतःचं वजन टाकतात. तू ताठ बस. वाटलं तर जरासा बाहेरच्या बाजूला कल.

बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागे असतो. तेव्हा ब्रेक सरळ पट्टीत, वळणाच्या आधीच मारायचा. चाक वळलेलं असताना जोरात दाबलास तर शेपूट पुढे येईल. डावा पाय ब्रेकला, उजवा ॲक्सिलरेटरला, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. आता खरी गंमत ऐक. स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलंस की पुढचे टायर किंचाळतात आणि लगेच इंजिनाचा आवाज खाली बसतो. टायर घासतोय आणि वेग खातोय, हे तिथे ऐकू येतं. हा कान तयार झाला की मग स्विफ्टमध्ये बस. पावसाळ्यात घाटातल्या वळणावर पुढची पकड सुटायला लागली, तर स्टिअरिंग हलकं पडल्याचं तुझ्या हाताला आधी कळेल.

सर्वांत वेगवान लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या फेरीच्या, मागे लागू नकोस. टायमिंगचा कागद मिळतो, त्यात लागोपाठच्या लॅपमधला फरक बघ. पाच लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत बसू लागले की समज, हात बसला.

आता पैशांचं. पहिला खर्च टायरचा. तुझ्या गाडीला १६५/८० आर१४ मापाचे आहेत. वरच्या व्हेरियंटला कंपनीच १८५/६५ आर१५ देत होती. दोन्हींचा बाहेरचा व्यास मोजून बघ, सुमारे ६२० मिलिमीटर, फरक दोनेक मिलिमीटरचा. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, बाजूची भिंत मात्र बुटकी होईल आणि पकड वाढेल. सतरा इंची चाकं शोभेला ठीक. चाक जड झालं की खड्ड्यात सस्पेन्शनला ते आवरत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांना तोटा नाही.

दुसरा खर्च तर किरकोळच, ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा ओढतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. सिंहगडाचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबलास की आत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदल आणि उतारावर गिअर लावून ये.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवून देणारे तुला नाना पेठेत गॅरेजागणिक भेटतील. ग्राइंडरने एक वेढा कापला की स्प्रिंग कडक होते, शॉकअपला ती आवरत नाही आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. यावर मी जास्त बोलत नाही, नाही म्हणजे नाही.

कायद्याचं कंटाळवाणं वाटेल, पण हेही वाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२ए खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याच वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्यांच्या चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली संस्था. नवीन मॉडेल रस्त्यावर यायच्या आधी चाचण्यांना किती सामोरं जातं, ते तिथे काम करणाऱ्या कुणाला विचार, म्हणजे गल्लीतल्या सायलेन्सरवाल्याच्या ‘काही होत नाही’ची किंमत कळेल. आणि रात्रीच्या लवासा रोडवरच्या शर्यतीत मला तुझं नाव ऐकू येता कामा नये. रस्त्यावर शर्यत हा वेगळा गुन्हा आहे आणि शर्यतीतलं नुकसान विमा देत नाही. ट्रॅकवर स्वतःची गाडी नेतानाही विम्याचं हेच लक्षात ठेव.

खरी शर्यत बघायची तर चांदणी चौकातून जो एनएच ४८ जातो, तोच कोल्हापूर-बंगळूरमार्गे चेन्नईकडे जाताना इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकजवळून जातो. ३.७ किलोमीटरचा तो ट्रॅक. भाग घ्यायच्या आधी मार्शल म्हणून, म्हणजे वळणावर झेंडे दाखवणारा मदतनीस म्हणून, राबून बघ. एका वळणावर दिवसभर उभं राहिल्यावर कोण कुठे ब्रेक मारतो ते जितकं दिसतं, तितकं टीव्हीवर दिसत नाही. २०१० साली फोक्सवॅगनने पोलो कप सुरू केला, तेव्हा आपल्या चाकणला बनायची त्या पोलोचा. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, तरी पहिल्या-शेवटच्या गाडीत अंतर पडायचंच. ते कशाचं, हे तुझं तू ओळख.

खिसा हलका असेल तर टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, रॅली धर. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळी चौकीवर पोचायचं. उशीर झाला तरी गुण जातात, लवकर पोचलास तरी जातात. गणित चांगलं असलेली तुझी ती मैत्रीण नॅव्हिगेटर म्हणून बसव, पण मध्येच भांडू नका.

पुढच्या रविवारी सकाळचं पहिलं सत्र घे, तेव्हा गर्दी नसते. बूट पातळ तळाचे घाल, चपलेवर बसू देत नाहीत. टायमिंगचे कागद फेकून देऊ नकोस, मला बघायचे आहेत. आणि बाबांना सांगून जा.

तुझा,
काका